जनमत कौलाच्या प्रदर्शनात दोन पानांशेजारी फूलही हवे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

16 जानेवारी 2027 रोजी गोव्याच्या जनमत कौलाला साठ वर्षे पूर्ण होतील. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा, हे त्या मतदानाने ठरले; विलीनीकरणाची निशाणी फूल होती, केंद्रशासित राहण्याची दोन पाने. साठीच्या निमित्ताने तालुक्यातालुक्यांत प्रदर्शने भरतील हे सांगायला ज्योतिषी नको. अशा प्रदर्शनांचा साचाही ठरलेला असतो. दारात विलीनीकरणाच्या विरोधातले डॉ. जॅक सिक्वेरा आणि बाजूचे भाऊसाहेब बांदोडकर यांची मोठी छायाचित्रे, आत फ्लेक्सवर फुगवलेली वृत्तपत्रांची कात्रणे आणि शेवटी निकालाचा फलक. दहा मिनिटांत माणूस बाहेर. कौल ज्यामुळे ठरला तो वाड्यावाड्यावरचा प्रचार त्यात कुठेच दिसत नाही. हे पत्र त्यासाठीच आहे, आणि काही सूचना कामाच्या आहेत म्हणून ते थोडे लांबले आहे.

सुरुवात आकड्यांपासून करू, कारण चुकाही तिथूनच सुरू होतात. गोव्यात 3,88,432 मतदार होते, 3,17,633 मते पडली. केंद्रशासित राहण्याच्या बाजूने 1,72,191, महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने 1,38,170. फरक 34,021. या दोन आकड्यांची बेरीज पडलेल्या मतांपेक्षा 7,272 ने कमी भरते. ती बाद मते. फलकावर कधी 54.2 विरुद्ध 43.5 टक्के असे लिहिलेले दिसते, कधी 55.5 विरुद्ध 44.5. दोन्ही बरोबर आहेत. पहिली जोडी पडलेल्या एकूण मतांवर काढलेली आहे, दुसरी फक्त वैध मतांवर. एकाच दालनात दोन फलकांवर दोन वेगवेगळ्या जोड्या लावल्या की प्रेक्षक दोन्हींवरचा विश्वास गमावतो. कोणतीही एक घ्या आणि टक्के कशावर काढले ते खाली लिहा.

याच आकड्यांतून प्रचाराचे मोल दाखवता येते. 17,011 मतदारांनी मत फिरवले असते तर निकाल उलटला असता. गोव्यातून विधानसभेवर 28 सदस्य जात. म्हणजे मतदारसंघामागे सरासरी सहाशेच्या आसपास माणसे. सहाशे म्हणजे एका मोठ्या गावातले दोन-तीन वाडे. हे कळले की मुलांना घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्त्याचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मांडणी स्वस्तात होते. शंभर मतांमागे एक मणी धरायचा आणि काचेच्या चार उभ्या नळ्या घ्यायच्या. दोन पानांच्या नळीत 1,722 मणी, फुलाच्या नळीत 1,382, बाद मतांच्या नळीत 73 आणि मतदानाला न आलेल्यांच्या नळीत 708. आठ मिलिमीटरचे मणी पुरतात. नळ्यांचा व्यास मात्र सारखाच ठेवा, नाहीतर उंचीची तुलना फसवी होते. गोव्याचा नकाशा एका रंगाने माखून टाकण्यापेक्षा हे बरे. नकाशावर एक तालुका हिरवा आणि दुसरा केशरी केला की पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा इथली दोन पानांची मते नाहीशी होतात आणि सासष्टीतली फुलाची मतेही. नकाशा हवाच असेल तर तो मतदारसंघवार करा आणि फरक कमी तिथे रंग फिका ठेवा.

आता काळाचा हिशेब. जनमत कौलाचा कायदा संसदेने डिसेंबर 1966 मध्ये केला. विलीनीकरण मागणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या (मगो) सरकारच्या हाती सत्ता असताना मतदान निःपक्ष होणार नाही, अशी विरोधकांची तक्रार होती. बांदोडकर मंत्रिमंडळाने 3 डिसेंबरला राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट आली. विलीनीकरणाचा वाद तोवर तीन वर्षे चालूच होता, पण कायदा झाल्यापासून मतदानापर्यंत हाती उरला जेमतेम सव्वा महिना. या सव्वा महिन्यात दोन्ही बाजूंना एक अवघड काम करायचे होते, आणि प्रदर्शनांत नेमके तेच वगळले जाते. मगोची निशाणी सिंह, विलीनीकरणाला विरोध करणाऱ्या युनायटेड गोवन्स पक्षाची हात. 1963 च्या डिसेंबरात मतदारांनी यांवरच मते दिली होती. कौलाच्या मतपत्रिकेवर मात्र दोन्ही नव्हत्या. तिथे फूल म्हणजे विलीनीकरण आणि दोन पाने म्हणजे केंद्रशासित. सिंहाला मत द्यायची सवय झालेल्या मतदाराला फूल शिकवायचे आणि हाताला मत देणाऱ्याला दोन पाने, तेही लिहिता-वाचता न येणाऱ्या घरांत. म्हणून त्या काळच्या पत्रकांत निशाणीचे चित्र मजकुरापेक्षा मोठे असते. दालनात सिंह, हात, फूल आणि दोन पाने अशी चार चित्रे एका ओळीत लावा, खाली 1963 आणि 1967 एवढेच लिहा. नाहीतर आजच्या तरुण प्रेक्षकाला दोन पाने पाहून तमिळनाडूतला अण्णाद्रमुक आठवतो. तो पक्ष 1972 चा.

फलकांवर हमखास येणारी काही चुकीची विधाने इथेच सांगून टाकतो. ‘भारतातील एकमेव सार्वमत’ हे खरे नाही. 1947 मध्ये सिल्हेट आणि वायव्य सरहद्द प्रांतात, फेब्रुवारी 1948 मध्ये जुनागढात आणि 1975 मध्ये सिक्कीमात लोकांचा कौल घेतला गेला. ‘गोमंतकीयांनी घटक राज्य निवडले’ हेही नाही. मतपत्रिकेवर घटक राज्य हा पर्यायच नव्हता, ते 30 मे 1987 रोजी मिळाले. ‘कोकणीने मराठीवर मात केली’ हे तर सर्वांत सैल विधान. भाषेचा प्रश्न मतपत्रिकेवर नव्हता, प्रचारात मात्र ठायीठायी होता. हा भेद दोन ओळींत नीट लिहिता येतो. दमण आणि दीवलाही विसरू नका. तिथेही कौल झाला, पण तिथला पर्याय गुजरातमध्ये विलीन होण्याचा होता.

भाषेचाच धागा पुढे नेतो, कारण मराठी वाचकाला तो माहीत असायला हवा. विलीनीकरणाच्या विरोधातली एक धारदार लढाई मराठीतून लढली गेली. चंद्रकांत केणी यांच्या संपादकत्वाखाली मडगावहून निघणाऱ्या ‘राष्ट्रमत’मध्ये उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर येत असे. विलीनीकरणाच्या बाजूने ‘गोमन्तक’ उभा होता, तोही मराठीच. म्हणजे फुलाचा मतदार आणि त्याला दोन पानांकडे वळवू पाहणारा लेखक एकाच लिपीत एकमेकांना वाचत होते. त्याच सुमारास सासष्टीत रोमी (रोमन लिपीतल्या) कोकणीतला मजकूर, तियात्र ही कोकणी नाटके आणि कांतारां ही गाणी यांचे काम चालू होते. मनोहरराय सरदेसाई, शंकर भांडारी यांची गीते आणि उल्हास बुयांव यांचा आवाज सभेत जे करत होता ते अग्रलेखाच्या आवाक्यातले नव्हते. हे सगळे एकाच भिंतीवर शेजारी शेजारी लावावे. कोकणीची एक खोली आणि मराठीची दुसरी अशी वाटणी केली तर त्या काळचे गोवे दिसणार नाही, आपल्या आजच्या भांडणाचे चित्र तेवढे दिसेल.

आणि फुलाच्या बाजूचे दालन? ते बहुधा नसतेच. जिंकलेल्यांनी भरवलेल्या प्रदर्शनात हरलेल्यांना खलनायकाची जागा मिळते, नाहीतर कोपरा. 1,38,170 मते म्हणजे पडलेल्या दर सात मतांमागे तीन. त्यांना काय हवे होते हे सांगितल्याशिवाय हा इतिहास अर्धा राहतो. भाटकार म्हणजे जमीनदार आणि त्यांच्या जमिनीवर कसणारे-राहणारे कूळ-मुंडकार यांचे नाते, 1964 चा कूळ कायदा, नव्या काबिजादींतल्या (पोर्तुगीजांनी नंतर जिंकलेल्या तालुक्यांतल्या) खेड्यांत उघडलेल्या मराठी शाळा आणि त्यांतून शिकू लागलेली बहुजन समाजाची पहिली पिढी, हे सगळे फुलामागे होते. महाराष्ट्राशी देवाधर्माचे आणि भाषेचे नाते होते. मोठ्या राज्याचा आधार मिळाला की जुन्या जमीनदारीचा काच कायमचा सुटेल, हा हिशेब होता. समोरच्या बाजूचे हिशेबही तितकेच रोकडे होते. विलीन झालो तर आपला एक जिल्हा होईल, मंत्रालय मुंबईत जाईल, नोकऱ्यांत बाहेरचे येतील. महाराष्ट्रात दारूबंदी होती, तेव्हा माडावर चढणाऱ्या रेंदेराने आणि काजूची भट्टी लावणाऱ्याने पोट कसे भरायचे? दोन्ही बाजूंचे हे मुद्दे समोरासमोर मांडा. एक इकडे, त्याचे उत्तर तिकडे, पत्रकांतल्या त्यांच्याच शब्दांत.

या प्रदर्शनाचा शेवट 19 जानेवारीच्या निकालावर करणे ही आणखी एक ठरावीक चूक. सव्वादोन महिन्यांनी, 28 मार्च 1967 रोजी, विधानसभेची निवडणूक झाली आणि विलीनीकरण मागणाऱ्या मगोने दमण-दीवसह 30 पैकी 16 जागा जिंकल्या. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. म्हणजे जानेवारीत दोन पानांवर मत दिलेल्या हजारो हातांनी मार्चमध्ये सिंहावर मत दिले असणार. गोवा वेगळा राहावा पण तो भाऊंनी चालवावा, असे म्हणणारा तो मतदार या सगळ्या कथेतला सर्वांत रंजक माणूस आहे. त्याला प्रदर्शनात जागा द्यायची तर शेवटची भिंत मार्चसाठी राखून ठेवा.

वस्तू कुठून आणायच्या? वृत्तपत्रांचे बांधीव खंड पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात पाहता येतात. पत्रके, बिल्ले, सभांच्या जाहिराती, मतदारयाद्यांवर पेन्सिलीने केलेल्या खुणा, वर्गणीच्या पावत्या असे प्रचाराचे खरे साहित्य घरोघरच्या पेट्यांत आणि कपाटांच्या वरच्या खणांत पडलेले असते. ते मिळवायचे तर पावसाआधी मिळवा. जूनपासून गोव्यातल्या घरांत हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर जाते, आणि 65 ते 70 टक्क्यांच्या पुढे कागदाला बुरशी धरते.

मिळाल्यावर काय करायचे ते क्रमाने. कागद आधी उघडू नका. जिथे मिळाला तिथे तो कसा होता, घडी कुठे होती, सोबत काय होते, याचे छायाचित्र काढा. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडा. गंजलेल्या टाचण्या आणि पिना ओढून काढू नका, त्यांच्याबरोबर कागदाचा तुकडा येतो. पिनेखाली पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवून टोके सरळ करा आणि मग काढा. कसर किंवा झुरळांची अंडी असतील तर कागद पूर्ण कोरडा असल्याची खात्री करून तो पॉलिथिनच्या दोन पिशव्यांत हवाबंद करा आणि उणे 18 ते 20 अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर कागदावर दव धरते. काचेवरची छायाचित्रे आणि ध्वनिफिती गोठवू नका. डांबरगोळ्यांवर विसंबू नका, त्यांनी माणसाचे डोके दुखते आणि कसर जागची हलत नाही.

सेलोटेप, फेव्हिकॉल आणि लॅमिनेशन या तिघांनी गोव्यातल्या कागदांचे वाळवीपेक्षा जास्त नुकसान केले असेल. सेलोटेपचा डिंक काही वर्षांत कागदात उतरतो आणि तेलकट पिवळा डाग पडतो, तो निघत नाही. लॅमिनेशन उष्णतेने होते आणि पुन्हा सोडवता येत नाही. वृत्तपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातल्या लिग्निनमुळे तो आतूनच आम्लधर्मी होत जातो. असा कागद प्लॅस्टिकमध्ये कोंडला की त्याचे आम्ल आतच राहते आणि तो लवकर ठिसूळ होतो. फाटलेली कड जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चच्या खळीने जोडावी, ती जोड पाण्याने सुटते. आधार हवा असेल तर पॉलिएस्टरची फिल्म वापरा, दोन कडा उघड्या ठेवा आणि मागे आम्लरहित कागद घाला.

मूळ वस्तू किती दिवस ठेवायची हा प्रश्न प्रकाशाचा आहे. वृत्तपत्र आणि रंगीत पत्रकांसाठी 50 लक्स (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) ही मर्यादा. दिवसाला आठ तास, नव्वद दिवस, म्हणजे 36,000 लक्स-तास. एवढाच प्रकाश 500 लक्सच्या खिडकीजवळ नऊ दिवसांत पडतो, आणि झालेली हानी भरून येत नाही. तेव्हा मूळ प्रत तीन महिन्यांनी आत जाईल आणि तिची जागा दुसरी घेईल अशी आखणी आधीच करा. पंचायतीच्या सभागृहात मोठ्या खिडक्या असतात. नुसत्या पडद्यांनी भागत नाही, काचांना अतिनील किरण रोखणारी फिल्म लावा.

काचपेटीच्या आतली आर्द्रता 50 ते 55 टक्क्यांवर स्थिर ठेवा. एसी दिवसा चालू आणि रात्री बंद हा सरकारी शिरस्ता कागदाला एसी नसण्यापेक्षा वाईट, कारण रोज एकदा तो आकसतो आणि एकदा फुगतो. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलचा ठोकताळा दर घनमीटरला 20 किलोचा आहे. 120 सेंटिमीटर लांब, 60 रुंद आणि 25 उंच पेटीचे आकारमान 0.18 घनमीटर, म्हणजे 3.6 किलो जेल. कोपऱ्यात ठेवलेल्या दोन पुड्यांनी काहीच होत नाही. जेल आधी 50 टक्के आर्द्रतेला आणून घ्यावे लागते. भट्टीतून काढलेले कोरडे जेल पहिल्या आठवड्यात कागद वाळवून कडक करते आणि नंतर भरून जाते. पेटीत एक आर्द्रतामापक ठेवा आणि रोज सकाळ-संध्याकाळ आकडा लिहून ठेवा. पेटी प्लायवूडची असेल तर आतून ती झाकून घ्या, प्लाय आम्लाची वाफ सोडते.

प्रतिकृती करायची तर पत्रक 600 डीपीआयवर, दोन्ही बाजूंनी, कडांसकट स्कॅन करा. तळाशी बारीक टायपात मुद्रणालयाचे नाव असते, सजावट करणारा ते हमखास कापतो. कोणते पत्रक म्हापशाला छापले आणि कोणते गोव्याबाहेर, हे त्या एका ओळीवरून कळते. वृत्तपत्रातले छायाचित्र ठिपक्यांचे असल्याने फ्लेक्सवर आठ फुटी केले की माणसाचे तोंड ओळखू येत नाही. ते दीड फुटाच्या वर नेऊ नका. प्रत्येक प्रतिकृतीखाली ‘प्रतिकृती’ असे लिहा.

आवाजाचे काम निराळ्या घाईचे आहे. पाव इंची स्पूलच्या फितीला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती अ‍ॅसिटेटची आहे आणि विघटन सुरू झाले आहे. ती इतर फितींपासून वेगळी ठेवा आणि घरच्या जुन्या यंत्रावर लावून पाहण्याचा मोह टाळा. पहिल्यांदा वाजवाल तीच शेवटची वेळ ठरू शकते. रूपांतर 96 किलोहर्ट्‌झ, 24 बिट, वेव्ह स्वरूपात करून घ्या. एमपी3 ही ऐकण्यापुरती प्रत, जतनाची नव्हे.

आठवणींची नोंद तर उद्याच सुरू करायला हवी. तेव्हा मतदानाचे वय 21 होते. म्हणजे जानेवारी 1967 मध्ये मत दिलेला सर्वांत तरुण माणूस साठीच्या दिवशी 81 वर्षांचा असेल. मुलाखत पाऊण तासाच्या वर नेऊ नका, पंखा बंद ठेवा, मायक्रोफोन शर्टाला लावा. ‘तुम्ही कोणाला मत दिले?’ असे पहिल्याच प्रश्नात विचारू नका. मत गुप्त होते, आणि वाड्यावर आजही काहींना ते गुप्तच ठेवायचे असते. मतदान केंद्र कुठे होते, तिथे चालत गेला की होडीने, बरोबर कोण होते, निशाणी कोणी समजावली, असे विचारत गेलात की उरलेले ते स्वतःच सांगतात. संमतीपत्र त्यांच्या भाषेत आणि लिपीत असावे. ध्वनिफीत कुठे राहील, कोण ऐकेल आणि नाव दाखवायचे की नाही, या तीन गोष्टींवर स्वतंत्र खूण करून घ्या.

फलकांवर मराठी, देवनागरी कोकणी, रोमी कोकणी आणि इंग्रजी अशी चार रूपे लागतील. चारही एका फलकावर कोंबली की कोणीच वाचत नाही. प्रत्येक मजकूर साठ शब्दांच्या आत ठेवा, अक्षर 24 पॉइंटपेक्षा लहान नको, फलकाचा मध्य जमिनीपासून सुमारे 145 सेंटिमीटरवर. एक रूप दुसऱ्याचे शब्दशः भाषांतर नसले तरी चालेल, पण आकडे आणि तारखा चारही ठिकाणी एकाच माणसाने ताडून पाहाव्यात. आणि फलकावर ‘विलीनीकरणवादी’ लिहिले तर समोर ‘गोवाप्रेमी’ लिहू नका. समोर ‘केंद्रशासितवादी’ लिहा.

ज्यांच्या घरी यातले काही पडून आहे त्यांना एवढीच विनंती की ते इस्त्री करून, चिकटवून, स्वच्छ करून आणू नका. आहे तसे, पिनेसकट, जुन्या वर्तमानपत्रात न गुंडाळता कोऱ्या पांढऱ्या कागदात घालून आणा. सोबत ते कोणाच्या पेटीत मिळाले एवढे दोन ओळींत लिहा.

आपले,
संग्रहालय व दप्तरजतनाच्या कामातले काही वाचक, फोंडा व मडगाव